पीआरची सरकारी फी: वाजवी की लूट?

धरमपेठी:
बहिणीची कॅनडा पीआरची (तिथे कायमचं राहण्याच्या परवानगीची) फाइल चालू आहे म्हणून आकडे तोंडपाठ झालेत. एप्रिल २०२४ च्या दरानं प्रोसेसिंग फी ९५० डॉलर, वर 'पीआरच्या हक्काचे' वेगळे ५७५, म्हणजे माणशी १५२५, भाऊजींचे तेवढेच, पोराचे २६०, दोघांच्या बायोमेट्रिकचे १७०. झाले ३४८०. त्यांचा डॉलर साठ रुपयांना धरला तरी दोन लाखांच्या वर. प्रोसेसिंगचे घ्या ना, कागद तपासायला माणसं लागतात, मान्य. पण ते ५७५ कशाचे? ही हक्काची फी १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा ९७५ होती, २००६ मध्ये एकदम ४९० वर आणली आणि आता परत चढवत नेत आहेत. म्हणजे खर्चाशी काही संबंधच नाही, सरकारच्या मनात येईल तो आकडा. मी तर याला करच म्हणतो, आणि तोही ज्याला तिथला पहिला पगारही मिळाला नाही त्याच्याकडून.

मिहानवाला:
भाऊ, अर्ज नामंजूर झाला तर ते ५७५ परत मिळतात, हे पण लिहा न. तिथले रस्ते, शाळा, दवाखाने तिथल्या लोकांच्या टॅक्समधून उभे झाले. तयार सोसायटीत फ्लॅट घेतला तर ट्रान्सफर फी देतोच न आपण? आणि ऑस्ट्रेलिया पाहा, तिथल्या पीआरच्या १८९ नंबरच्या व्हिसाची फी जुलै २०२५ मध्ये मुख्य अर्जदाराला ४९१० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, अर्ज करतानाच भरायची आणि नकार आला तर गेली. त्यापुढे कॅनडा स्वस्तच म्हणावं लागंल.

महालकर:
सरकारी फीवर एवढं बोलून रायले पण एजंटचं काऊन कोणी काढत नाही? आमच्या पोराला एका ऑफिसनं दीड लाख अधिक जीएसटी सांगितले, अन् काम काय, तर जो फॉर्म तो घरी बसून भरू शकतो तोच भरून देणे. सरकारी फी निदान साइटवर छापलेली असते, सगळ्यांना सारखी. पैसे घेऊन कॅनडाचा सल्ला द्यायचा तर लायसन्स लागते, नंबर तिथल्या कन्सल्टंट कॉलेजच्या (म्हणजे सल्लागारांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या) रजिस्टरवर पाहता येते. आधी तो नंबर मागा, मग चेक फाडा.

धरमपेठी:
काका, एजंट नको तर नाही म्हणता येतं. सरकारला नाही म्हणता येत नाही, फरक तिथेच आहे.

सध्या_लेस्टर:
मूळचा नागपुरातल्या सक्करदऱ्याचा, आता यूकेत. इथं पीआरला आयएलआर म्हणतात, एप्रिल २०२५ मध्ये त्याची फी ३०२९ पाउंड झाली, माणशी, लहान लेकराचीही तेवढीच. एका अर्जाला खरा खर्च किती येतो ते होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, स्वतःच जाहीर करतं, तो याच्या पावपेक्षा कमी आहे. त्याच्याआधी व्हिसावर असताना दवाखान्याचा सरचार्ज, मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पाउंड, आणि पगारातून टॅक्स नि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो वेगळाच. मिहानवाला भाऊ, टॅक्स भरणाऱ्यांनी उभं केलं म्हणता न, मग आम्ही कोण? आम्हीही भरतोच की!

मिहानवाला:
यूकेचं पटलं, तिथं दोनदा घेतात. पण नागपुरातून कॅनडाला अर्ज करणाऱ्यानं तिथं एक पैसा टॅक्स भरलेला नसतो. आणि फी कमी केली तर जागा काही वाढणार नाहीत, अर्जच वाढतील.

धरमपेठी:
अर्ज नाही वाढणार. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कॅनडाच्या पॉइंटवाल्या ऑनलाइन पद्धतीत, प्रोफाइल टाकायला फीच नाही, पॉइंटवर बोलावणं आलं की मगच पैसे मागतात. चाळणी आधीच लागलेली असते, फीनं गर्दी कमी होते हे कारण तिथं बसतच नाही.

प्रतापनगरची_काकू:
तुम्ही दोघं फीवरच अडून बसले. आमच्याकडे खरा खर्च तर त्याच्याआधीच सुरू झाला, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), डिग्रीचं मूल्यांकन, ट्रान्सक्रिप्ट, बायोमेट्रिकसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे, वरून परदेशी पेमेंट म्हणून कार्डावर तीन-साडेतीन टक्के. आपल्याकडचं पोलीस क्लिअरन्स तेवढं ५०० रुपयांत होते. आयईएलटीएसचा स्कोअर दोनच वर्षं चालते, तेवढ्यात बोलावणं नाही आलं की परत परीक्षा, परत पैसे. दोन पगारांच्या घराला जमते हो, एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्यांनी काय करावं? मला तरी वाटते, फी घ्यायची तर घ्या, पण हप्त्यानं घ्या.

धरमपेठी:
काकू, ते ५७५ सुरुवातीलाच भरले पाहिजेत अशी सक्ती नाहीये. मंजुरीच्या आधी मागतात तेव्हा भरता येतात. बहिणीलाही तेच सांगतोय, तेवढे पैसे तोवर एफडीत राहू दे.

मिहानवाला:
असं नका सांगू लोकांना. शेवटी मागतात, मग भरा, पावती अपलोड करा, त्यात फाइल अडते. त्यांची साइटच सांगते की सगळं सोबत भरा म्हणून.

धरमपेठी:
साइट सुचवते, बंधनकारक करत नाही. ज्याच्याकडे आहेत त्यानं भरावे, काकूंसारख्यांनी थांबावं.