ग्लासगो: लग्नासाठी किल्ट घ्यायचाय, दुकानातला तयार की कारागिराकडून शिवून?

क्लाईडकाठ
नमस्कार मंडळी. सात आठवड्यांनी स्टर्लिंगला मित्राचं लग्न आहे. नवरदेवाच्या सगळ्या मित्रांनी किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा) घालायचा असं ठरलंय. जॅकेट, स्पोरान (समोर लटकणारी थैली), मोजे, बूट यांची सोय झाली आहे, फक्त किल्ट हवा. बजेट २५० पौंड. टार्टन (चौकड्यांची नक्षी) कोणताही चालेल. एडिंबरात रॉयल माइलवर ६० पौंडांना तयार मिळतोय आणि कारागीर ६०० च्या आसपास सांगतायत. दहापट फरक नेमका कशाचा? पँटची कंबर ३२, उंची ५ फूट ७. पुढेही घालायचा विचार आहे.

सुईदोरा
फरक पाठीमागे आहे. समोरचा सपाट पदर दोन्हींचा सारखाच दिसतो, निऱ्या बघा. आठ वार कापडाच्या किल्टला साधारण २५ ते ३० निऱ्या येतात. तुमचा घेर कुल्ल्यांवर ४० धरला तर मागच्या निम्म्या भागाला २० इंच मिळतात. २७ निऱ्या घातल्या की प्रत्येक निरी सहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दिसते. कमरेपाशी तीच पाच सुतांवर यायला हवी. कुल्ल्यांपासून कमरेपर्यंत प्रत्येक निरी हाताने एकेक सूत निमुळती करत शिवतात, आणि हे करताना आडव्या रेघा एका निरीतून दुसरीत तुटू द्यायच्या नसतात. २७ निऱ्यांचं एकेक सूत म्हणजे कमरेला सव्वातीन इंचांहून जास्त फरक. स्वस्त किल्टमध्ये निऱ्या वरपासून खालपर्यंत एकाच मापाच्या असतात. तो जास्तीचा घेर पट्टे आवळून लपवतात आणि बसलात की निऱ्या फाकतात.

शिवाय आतलं काम. पारंपरिक किल्टमध्ये कमरेजवळ निऱ्यांच्या आतलं जास्तीचं कापड कापून काढतात, त्यावर आधाराची पट्टी आणि कॅनव्हास हाताने टाचतात, मग अस्तर. स्वस्तात इस्त्रीने चिकटवायचं कॅनव्हास असतं. ड्रायक्लीनला दोनतीनदा गेलं की ते सुटतं आणि कमरेला फुगे येतात. ६०० पौंड याचे आहेत.

डंडीकर
+१. हातशिलाईच घ्या. १६ औंसाचं कापड, पूर्ण आठ वार. त्याहून हलकं घेऊ नका, वाऱ्यात उडतं. ७०० पर्यंत जाईल पण नातू घालेल.

क्लाईडकाठ
बजेट २५० आहे हो.

लोकर_एके_लोकर
दुकानात जाताना सामानाचा छोटा वजनकाटा न्या. किल्टचं कापड दुहेरी पन्ह्याचं असतं. चार वार घेऊन मधोमध फाडतात आणि जोडून आठ करतात. औंस म्हणजे त्या दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं वजन. ४ गुणिले १६ म्हणजे ६४ औंस, साधारण १.८ किलो. १३ औंसाच्या कापडात पाच वारी किल्ट म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. अस्तर आणि पट्टे वेगळे. लेबलावर आठ वार लिहिलंय आणि काटा अर्ध्या किलोच्या आसपास दाखवतोय, तर एकतर कापड आठ वार नाही किंवा लोकर नाही.

पैठणीवाली
कापड हातमागाचं आहे का हेही विचारा. येवल्याच्या पैठणीसारखं आहे हे, यंत्रमागाचं ते यंत्रमागाचंच.

सुईदोरा
ताई, इथे तो निकष लागू नाही. चांगलं टार्टनसुद्धा आज बहुतेक यंत्रमागावरच विणलं जातं, सेलकर्कच्या गिरण्यांमधलंही. हातकाम आहे ते शिलाईत. पण काठ बघायची सवय मात्र इथे उपयोगी आहे. पारंपरिक किल्टला खाली दुमड नसते, कापडाचा मूळ काठच खाली येतो. त्यामुळे निऱ्या धारदार पडतात. खाली दुमडून मशीनची टीप मारलेली दिसली तर प्रत्येक निरीच्या टोकाला जाडी येते आणि ती बाहेर वळते.

पर्थचा_पाहुणा
सगळे लोकर लोकर करतायत. पॉलिव्हिस्कोसचा (पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्र कापडाचा) विचार करा. ३० अंशांवर मशीनमध्ये धुता येतो, कसर लागत नाही, लग्नात काही सांडलं तर चिंता नाही. माझा तोच आहे, उत्तम आहे. फक्त धुण्याआधी निऱ्या खालपर्यंत कच्च्या धाग्याने टाचून घ्यायच्या. ॲक्रिलिक मात्र नको: गोळे येतात, मोज्यांना चिकटतं, आणि गरम इस्त्री लागली की चकाकी येते ती जात नाही.

डंडीकर
पॉलिव्हिस्कोसला लोकरीचा झोल येत नाही. चालताना निरी मागे झुलून परत जागेवर बसली पाहिजे. १६ औंस घ्या.

इतिहासवेडा
वाटेल तो टार्टन चालणार नाही. टार्टन कुळाचे असतात, त्या कुळाचं नाव नसेल तर परवानगी लागते.

फोर्थपूल
लागत नाही. स्कॉटिश टार्टन नोंदवही २००९ पासून सुरू आहे, ती नोंदीसाठी. कोणी काय घालावं यावर तिचा अंमल नाही. बाल्मोरल नावाचा टार्टन तेवढा राजघराण्यासाठी राखीव मानतात. ब्लॅक वॉच किंवा हंटिंग स्टुअर्ट कोणीही घालतं. आणि कुळ-टार्टनची आजची काटेकोर मांडणी बरीचशी १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरात आला त्यानंतर पक्की झाली. १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी होती, ती १७८२ मध्ये उठली.

या निमित्ताने एक कामाची गोष्ट. अठराव्या शतकाच्या अखेरचे शिवलेले किल्ट साधारण चार वारांचेच होते, रुंद पेटी-निऱ्यांचे (बॉक्स प्लीट). आजही काही कारागीर तसे शिवतात. कापड निम्मं, निऱ्या कमी, म्हणून मजुरीही कमी. हे आठवारीपेक्षा कमी अस्सल मुळीच नाही. विचारून बघा.

इतिहासवेडा
चार वारांचा किल्ट लष्करी बँडमध्ये चालणार नाही.

फोर्थपूल
ते लग्नाला जातायत.

सुईदोरा
क्लाईडकाठ, कोणाकडूनही घ्या पण ३२ हे माप देऊ नका. पँट कुल्ल्याच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीच्या रेषेत. तिथे तुमचं माप बहुधा ३४-३५ भरेल. टेप बेंबीवरून आडवी, श्वास रोखायचा नाही. दुसरं माप कुल्ल्यांच्या सर्वांत रुंद भागावर. तिसरं लांबी: ताठ उभं राहून बेंबीच्या रेषेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. हे दुसऱ्या माणसाने घ्यायचं, स्वतः वाकलात की इंचभर चुकतं. पारंपरिक किल्टचा वरचा काठ या रेषेच्याही दोन इंच वर असतो, तो धरून माप दिलंत तर किल्ट दोन इंच लांब येईल. तयार किल्टमध्ये लांबी बहुधा २४ असते. तुमच्या उंचीला ती गुडघ्याखाली जाण्याची शक्यता आहे, आणि काठ खाली असल्यामुळे आखूड करणं म्हणजे वरून सगळं उसवणं.

लोकर_एके_लोकर
आणि वजन करायला विसरू नका.

मोरेमंडळ
जुना घ्या. २५० मध्ये हातशिलाईचा आठवारी जुन्या बाजारात सहज मिळतो. बघायचं ते असं: उजेडासमोर धरून कसरीची भोकं, पट्ट्यांच्या चामड्याला भेगा, निऱ्यांच्या आत रंग उडालाय का. पट्टे एकदीड इंच सरकवता येतात, त्यापलीकडे कंबर वाढवायची तर उसवावं लागतं. भाड्याने मात्र घेऊ नका, पैसे वाया.

पर्थचा_पाहुणा
भाड्याने नकोच. मोजक्या मापांत लांबी जुळत नाही.

डंडीकर
भाडं वाया जातं. शिवून घ्या.

क्लाईडकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप लावली: बेंबीवर ३५, कुल्ल्यांवर ४०, लांबी २३. सुईदोरा, तुमचा अंदाज तंतोतंत. दोन तयार किल्ट काट्यावर ठेवले, ५८० आणि ६१० ग्रॅम, दोन्हींवर आठ वारांचं लेबल. खाली दुमड. जुन्यांत ३५ कंबरेला २३ लांबी मिळाली नाही, सगळे २४-२५ चे.

कारागीर म्हणाल्या, सात आठवड्यांत होणार नाही, हातात आधीची कामं आहेत आणि घाईत निऱ्या बिघडतात. म्हणून लग्नापुरता भाड्याने घेतोय, फक्त किल्ट, लांबी २३ ची घालून बघून. उरलेले पैसे त्यांच्याकडे आगाऊ दिले. चार वारांचा, पेटी-निऱ्यांचा, ब्लॅक वॉच, १३ औंस. बाकी रक्कम तयार झाल्यावर.

सुईदोरा
छान. भाड्याच्या किल्टचे डावे-उजवे पट्टे एकेकदा काढून घालून बघा. डावीकडचा आतल्या पदराचा पट्टा कमरेजवळच्या फटीतून बाहेर येतो. ती फट फाटलेली असेल तर दुसरा मागा. आणि समोर लावायची किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून घातलीत तर बसताना कापड ताणून फाटतं.

डंडीकर
१३ औंस हलकं पडेल. अजून वेळ आहे, त्यांना १६ सांगा.