आबांना अन् पोरीला मुंबईत स्टेडियम दाखवायचंय, वानखेडे आधी का डी. वाय. पाटील?

पूर्णाकाठ_परभणी:
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागंल पण सगळं सांगूनच विचारतो. मी परभणीजवळच्या खेड्यातला, शेती अन् बारकं दुकान. पोरगी तेरा वर्षाची, गल्लीतल्या पोरांसोबत खेळती, बॉलिंग चांगली टाकती. २ नोव्हेंबर २०२५ ची महिला वर्ल्ड कप फायनल आमच्या घरात लहानथोर सगळ्यांनी बघितली, शेवटी हरमननं मागं पळत जाऊन कॅच धरला तेव्हा पोरगी रडायली होती अन् तिला बघून माझ्या पण डोळ्यात पाणी आलं. तेव्हापासून तिचं एकच चालूय, पप्पा ते डी. वाय. पाटीलचं ग्राउंड मला बघायचंय.

आता दुसरी गोष्ट. आमचे आबा, वय ६८, आयुष्यात मुंबई बघितली नाही. क्रिकेट सगळं रेडिओवर. १९७५ ला वानखेडेवर पहिली टेस्ट झाली वेस्ट इंडीजसोबत तेव्हा ते सतरा वर्षाचे, शेजाऱ्याच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलेली, क्लाइव्ह लॉइडचे नाबाद २४२ अजून तोंडपाठ. त्यांनी मागून काहीच घेतलं नाही आजवर, परवा फक्त एवढंच म्हणले की एकदा वानखेडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून दोघांना एकाच खेपेत न्यायचं ठरवलंय, एप्रिल-मे मधी, परीक्षा झाल्यावर. आबांचे गुडघे दुखतेत, जास्त पायऱ्या जमत नाहीत. दोन दिवस हातात आहेत. मॅचचं तिकीट काढावं का नुसती ग्राउंडं बघावीत? ग्राउंड आतून बघू देतेत का? कोणी गेलं असंल तर सांगा, लई उपकार होतील.

नेरूळचा_बीडकर:
दादा मी मूळचा आष्टी तालुक्यातला, बारा वर्षं झाली नवी मुंबईत नेरूळला ऱ्हातो, स्टेडियम माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे म्हणून खरं ते सांगतो. डी. वाय. पाटीलला मॅच नसंल त्या दिवशी कोणी पण आत जाऊन बघावं असं नसतंय, बाहेरून गेट, लाइटचे टॉवर अन् भिंत एवढंच दिसतंय. पोरगी एवढ्या लांबून येऊन गेटवरून परत गेली तर तिचा जीव थोडा होईल, म्हणून तिथं मॅच असतानाच या, महिलांची असली तर सोन्याहून पिवळं. फायनलच्या दिवशी मी बाहेर होतो, तिकीट नव्हतं मिळालं. पाऊस येऊन गेला, खेळ उशिरा सुरू झाला, तरी लोक हलायला तयार नव्हते. आपल्या २९८ झाल्या अन् आफ्रिकेची कॅप्टन शंभर करून खेळत होती तोवर बाहेर पण सगळे गप. ती आउट झाली तेव्हा आतून जो आवाज आला तो मी आयुष्यभर विसरणार नाही.

सीएसएमटीवरून पनवेल लोकल पकडली की थेट नेरूळ, सव्वा तास धरून चला, गाडी बदलायची गरज नाही. आबांना सकाळी पनवेलकडं जाणाऱ्या गाडीत जागा मिळती, गर्दी उलट्या दिशेनं असती.

मैदानवेडी_लातूर:
बीडकर दादांचं बरोबर आहे, पण मी म्हणते नुसती स्टेडियमं कशाला? दक्षिण मुंबईत सीएसएमटी ते चर्चगेट एवढ्या पट्ट्यात जेवढं क्रिकेट आहे तेवढं देशात कुठंच नाही, अन् ते सगळं बघायला तिकीट लागत नाही.

स्टेशनमधून बाहेर पडलं की हाकेच्या अंतरावर आझाद मैदान. तिथंच फेब्रुवारी १९८८ ला हॅरिस शील्ड ह्या शाळांच्या स्पर्धेच्या मॅचमधी सचिन अन् कांबळीनं ६६४ ची पार्टनरशिप केली, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. हे सगळ्यांना माहितीय. पण तुमच्या पोरीला त्याच्या पुढचं सांगा. त्या दिवशी पॅड बांधून पुढचा नंबर म्हणून एक पोरगा बसून होता, अमोल मुझुमदार. ह्या दोघांनी त्याला बॅटिंग येऊच दिली नाही. पुढं त्यानं रणजी ट्रॉफीत मुंबईसाठी ढिगानं रन केल्या पण भारताकडून एक पण मॅच खेळायला मिळाली नाही. अन् २ नोव्हेंबरला नेरूळला कप जिंकणाऱ्या पोरींचा कोच कोण होता? तोच. दादा, पोरीला आधी आझाद मैदानावर उभं करा, हे सांगा, अन् मग डी. वाय. पाटीलला न्या. मी माझ्या भाचीला असंच दाखवलं, ती तिथं दहा मिनिटं काही बोललीच नाही.

त्या मैदानाच्या कडेलाच बॉम्बे जिमखाना. भारतातली पहिली टेस्ट तिथं झाली, डिसेंबर १९३३, इंग्लंडसोबत, अन् लाला अमरनाथांनी ११८ केल्या, भारताची पहिली टेस्ट सेंच्युरी. क्लब आहे, आत सोडत नाहीत, आबांना बाहेरूनच दाखवा. मग ओव्हल मैदान, राजाबाई टॉवरच्या सावलीत एका वेळी कितीतरी मॅचा चाललेल्या असतात, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचजवळ उभा. तिथं आबांना बाकड्यावर बसवा, तासभर कसा जाईल कळणार नाही. रविवार असंल तर बघायलाच नको.

गोदाकाठचा_काका:
वयानं मी तुमच्या आबांच्याच जवळपासचा, नांदेडला असतो, आधी नोकरीनं मुंबईत होतो. ५ नोव्हेंबर १९८७, रिलायन्स कप म्हणजे वर्ल्ड कपची सेमी फायनल, वानखेडे, मी आत होतो. इंग्लंडच्या गूचनं आपल्या स्पिनरना स्वीप मारमारून ११५ केल्या अन् आपण ३५ रननी हरलो. गावसकर ४ वर बोल्ड झाला, तो त्याचा भारताकडून शेवटचा डाव. माणसं उठून उभी राहिली होती टाळ्या वाजवायला अन् तो तर परत चाललेला. आबांना विचारा, त्यांनी हे पण रेडिओवर ऐकलं असंल.

त्यांना वानखेडेची जन्मकथा पण सांगा. आधी मोठ्या मॅचा शेजारच्या ब्रेबॉर्नवर व्हायच्या, ते १९३७ चं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटांच्या वाटपावरून क्लब अन् मुंबई असोसिएशनचं बिनसलं. तेव्हा शेषराव वानखेडे असोसिएशनचे अध्यक्ष, विदर्भातला माणूस, त्यांनी ठरवलं की आपलं स्वतःचं स्टेडियम बांधू, अन् वर्षभराच्या आसपास उभं पण केलं, ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल एवढ्या जवळ. म्हणून दोन मोठी स्टेडियमं अशी खेटून आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. आबांना मॅचच दाखवा. आयुष्यभर कान लावून ऐकलेला माणूस रिकाम्या खुर्च्या बघून काय करंल? पन्नास वर्षं जो गलका त्यांनी रेडिओत ऐकला तो एकदा त्यांच्या अंगावर येऊ द्या.

रेल्वेवाला_जालना:
काकांना पूर्ण पाठिंबा, पण वेळेचं बघा. आयपीएलची रात्रीची मॅच साडेसातला सुरू होती, संपायला साडेअकरा, कधी बारा. देवगिरी सीएसएमटीवरून रात्री नऊच्या सुमाराला सुटती म्हणजे ती गेली. त्या दिवशी मुक्काम ठेवावाच लागंल, मग सकाळी सव्वासहाची तपोवन किंवा दुपारची वंदे भारत, ती आता नांदेडपर्यंत केलीय म्हणजे तुम्हाला परभणीलाच उतरता येतंय. शनिवार-रविवारी साडेतीनची मॅच असली तर तीच घ्या.

जाताना देवगिरीनं जा, सकाळी पोचती. सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममधी ठेवा, बॅगेला कुलूप पाहिजे नाहीतर घेत नाहीत. हे महत्त्वाचंय कारण वानखेडेवर बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक काहीच आत नेऊ देत नाहीत. मी दोन वर्षांपूर्वी पाठीवर सॅक घेऊन गेलो, गेटवर अडवलं, ठेवायला जागा नाही, शेवटी एका चहावाल्याच्या पाया पडून तिथं ठेवली अन् पहिल्या सहा ओव्हर गेल्या. आबांच्या गोळ्या असतील तर चिठ्ठीसकट खिशात ठेवा.

अजून एक कळकळीनं सांगतो, स्टेशनबाहेर कोणी तिकीट देतो म्हणलं तर घेऊ नका. माझ्या मेव्हण्यानं घेतलं, गेटवर स्कॅनच झालं नाही, पैसे गेले अन् मॅच पण गेली. ॲपवर विक्री सुरू झाली की लगेच काढा, खालच्या लेव्हलचं बघा, वरच्या स्टँडला पायऱ्या लई आहेत.

पूर्णाकाठ_परभणी:
काका, तुमचं वाचून दाखवलं आबांना. गूचचा स्वीप म्हणल्याबरोबर म्हणले, "मनिंदरला मारला ना." म्हणजे त्यांनी ऐकलेलंय. मुझुमदारचं पोरीला वाचायला दिलं, तिनं दोनदा वाचलं. एक विचारायचंय, गर्दीत आबांचं कसं होईल? अन् पोरीसाठी बाथरूम वगैरे?

मैदानवेडी_लातूर:
पोरीचं टेन्शन घेऊ नका, लेडीज टॉयलेट आहेत, फक्त इनिंग ब्रेकमधी रांग लागती म्हणून ओव्हर चालू असताना जाऊन यायचं. मॅच संपल्यावर आबांना घेऊन लगेच उठू नका. अर्धा तास बसून ऱ्हावा. सगळं पब्लिक एकदम चर्चगेटकडं लोटतंय, ती चेंगराचेंगरी त्यांना झेपणार नाही. रिकामं होत चाललेलं ग्राउंड, लाइट चालू, समुद्राकडून वारं, तो अर्धा तास मला तरी मॅचइतकाच आवडतो.

सीएसएमटी ते चर्चगेट चालायला जमत नसंल तर आता खालून मेट्रो झालीय, मधी एकच स्टेशन, हुतात्मा चौक.

नेरूळचा_बीडकर:
वानखेडेत आत गेल्यावर सचिनचा पुतळा शोधा, त्याच्याच नावाच्या स्टँडजवळ आहे, नोव्हेंबर २०२३ ला बसवला, अन् घडवणारे प्रमोद कांबळे आपल्या शेजारच्या नगरचे. २०११ च्या फायनलला धोनीचा सिक्स जिथं पडला त्या खुर्च्या पण वेगळ्या ठेवल्यात. पण मॅचच्या दिवशी दुसऱ्या स्टँडमधी फिरू देत नाहीत, लांबूनच बोट दाखवावं लागंल. तुम्ही बसलात तिथून रेल्वे लाईन बघा, लोकल स्टेडियमला घासून जातेत, दारात लटकलेले लोक पण आत वाकून बघतेत.

अन् पोरीला सांगा, शेफालीनं ८७ केल्या, दोन विकेट घेतल्या, ती तर मूळ टीममधी नव्हतीच, दुसरी जखमी झाली म्हणून ऐनवेळी बोलावलं होतं तिला. नेरूळला यायचं ठरलं तर मला आधी कळवा, जेवायला घरीच या, माझी माय पण आलीय गावाकडून, आबांना बोलायला माणूस होईल.

पूर्णाकाठ_परभणी:
एवढं कोण करतंय आजकाल, सगळ्यांचे आभार. ठरलं असं: शुक्रवारी रात्री देवगिरी, शनिवारी सकाळी आझाद मैदान, जिमखाना बाहेरून, ओव्हलवर आबांना बसवायचं, दुपारी साडेतीनची मॅच मिळाली तर वानखेडे, नाही मिळाली तर रात्रीची अन् मुक्काम. रविवारी नेरूळ. तिथं मॅच नसंल तर आत जाता येणार नाही हे पोरीला आधीच सांगितलं. ती म्हणली चालंल, गेटवर एक फोटो काढू, आतमधी मी खेळायलाच जाईन. आबा काही बोलले नाहीत, उठून बॅटरीवरचा जुना रेडिओ काढला अन् पुसत बसलेत. सोबत न्यायचा म्हणायलेत. रेल्वेवाले दादा, रेडिओ आत नेऊ देतेत का?

रेल्वेवाला_जालना:
नाही सोडणार दादा. क्लोक रूममधी पण ठेवू नका, ओव्हलवर आबांच्या मांडीवर असू द्या, मॅचच्या आधी चर्चगेटजवळ एक ओळखीचं दुकान आहे माझं, तिथं ठेवून देऊ. तारीख पक्की झाली की मला मेसेज टाका.