स्पर्धेतली संथ गती: सराव कसा करावा?

प्रश्न: डिस्क गोल्फमध्ये (चकती म्हणजे डिस्क फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) एकट्याने १८ होल, म्हणजे १८ टप्पे, दीड तासात होतात. स्पर्धेत चौघांचा गट असला की तीन तासांवर वेळ जातो. थांबून थांबून अंग आखडतं, पहिला पट (बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक) हुकतो. घरचा सराव कसा बदलावा?

उत्तर १: सरावात एकच डिस्क खेळा. चुकली तरी दुसरी फेकू नका, स्पर्धेत ती मुभा नसतेच. दर फेकीनंतर घड्याळ लावून तीन मिनिटं थांबा. शेवटच्या मिनिटात उठा, पाय झुलवा, कंबर दोन्हीकडे वळवा, डिस्क हातात न घेता दोनदा हात फिरवा. मग ३० सेकंदांत फेका. पीडीजीए या डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमात तेवढीच मुभा आहे; उशीर झाला तर एकदा ताकीद, नंतर दंडाची एक फेक. थांबणं लांब, फेक झटपट. खरी अडचण ह्या बदलाची असते.

उत्तर २: पटिंगला ढीगभर डिस्क घेऊन उभं राहू नका. दहाव्या पटला जमलेली लय स्पर्धेत मिळत नाही. एक पट, डिस्क आणा, दोन मिनिटं थांबा, मग वेगळं अंतर: ५, ८, ६ मीटर. फक्त पहिलाच पट मोजा.

आणि एक, थांबताना बास्केटकडे सहज डिस्क टाकायची सवय आत्ताच मोडा. फेरीत ती सरावफेक ठरू शकते, आणि मग दंड बसतो.

उत्तर ३: थंडीत बोटं गार पडली की पकड आधी सुटते. हात खिशात ठेवा. घोट-घास दर चार होलला, भूक लागायच्या आधी.