मदत हवी आहे: पुणं सोडून सोलापूरला बिऱ्हाड हलवावं का? (घाई आहे)

रुचा_वाकड
नमस्कार. सोलापुरात राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनीच कृपया उत्तर द्या. वाकडला टूबीएचके आहे, भाडं ३४ हजार, करार संपतोय आणि मालक आता ३८ म्हणतोय. डिसेंबर संपायच्या आत त्याला हो की नाही कळवायचंय. दोन मुलं. नवऱ्याचं काम घरूनच, माझ्या ऑनलाइन शिकवण्या. हिशेब मांडून पाहिला, सोलापुरात निम्म्या पैशात भागतंय. तर जावं का? आणि कुठल्या भागात घर बघावं? 'शेवटी निर्णय तुमचाच' असं कुणी लिहू नका, तेवढं कळतं.

जुना_पार्कवाला
या की हो, विचारायलात काय! जुळे सोलापूर, विजापूर रोडला सैफुल, होटगी रोड, नाहीतर सात रस्त्याच्या आसपास बघा. वाकडच्या भाड्यात इथं दोन घरं येतील. गावात गर्दी म्हणाल तर नवी पेठेत संध्याकाळी, बाकी कुठूनही कुठं जायला वीस मिनिटं पुरतात. मुलं कितवीला आहेत ते मात्र लिहिलं नाही तुम्ही.

अनामिक_अभियंता
'घरूनच' म्हणजे नेमकं काय? कंपनीने लेखी दिलंय की साहेब अजून काही बोललेला नाही एवढंच? दोन्हींत फार फरक आहे. शिवाय कामाचं ठिकाण बदललं की काही कंपन्या पगाराची फेररचना करतात. आधी एचआरला मेल टाकून उत्तर हातात घ्या.

लातूरकर_दादा
मुलांचं शिक्षण हा मुद्दा असेल तर सोलापूर कशाला, लातूर बघा. अकरावी-बारावीसाठी अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं तिथं येतात. भाडी कमी, क्लासेस एक नंबर.

जुना_पार्कवाला
दादा, तुमच्या लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणायला लागलं होतं. विसरलात वाटतं?

लातूरकर_दादा
आणि तुमच्याकडे रोज येतं का?

रुचा_वाकड
लातूरचं मी विचारलेलं नाही. मुलगा आठवीत, मुलगी दुसरीत, सीबीएसई. नवऱ्याला महिन्यातून दोनदा हिंजवडीला जावं लागतं, ते जमेल. कंपनीचं आमचं आम्ही बघू. भाग कुठला चांगला ते सांगा.

मीनल_होटगी_रोड
भागाचं नंतर. आधी पाणी. लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांआड, मध्येच कुठे पाइप फुटला की पाच-सहा. वेळही भागाभागाप्रमाणे, कुणाकडे पहाटे, कुणाकडे रात्री अकराला. तुम्ही जेवायला बसलात आणि खालून 'पाणी आलं' अशी हाक आली की उठायचं. त्यामुळे इथे घर बघताना बेडरूम किती मोठी ते कुणी बघत नाही, हौद बघतात. हौद किती लिटरचा, वरची टाकी किती, मोटर स्वतंत्र की सामायिक, बोअर आहे का आणि असेल तर ते मे महिन्यात चालतं का. शहरासाठी माणशी १३५ लिटर असा सरकारी हिशेब असतो. तुम्ही चौघं, पाच दिवस धरा, म्हणजे २७०० लिटर झाले. तेवढं कुणी वापरत नाही, काटकसरीत निम्म्यावरही भागतं, पण घरात दोन हजारांची साठवण नसेल तर ते घर घेऊ नका. अपार्टमेंट असेल तर सोसायटी टँकर किती मागवते आणि ते पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, तेही विचारा. बारा हजारांच्या भाड्यात हा खर्च लपलेला असतो.

प्यायला जार. त्याची सवय होते.

सु_दा_निवृत्त
उजनी धरण ११७ टीएमसीचं, ते सोलापूर जिल्ह्यातच, आणि सोलापूरकर चार दिवस नळाकडे बघत बसतो. चाळीस वर्षं सरकारी नोकरी करूनही हे कोडं मला सुटलं नाही.

जुना_पार्कवाला
काका, धरणात पाणी असतं हो, वाटपात अडतं. टाक्या कमी आणि आतल्या लाइनी जुन्या. समांतर जलवाहिनीची चर्चा ऐकत आमची पोरं मोठी झाली.

सु_दा_निवृत्त
धरणातही नेहमी असतंच असं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. मृतसाठा, म्हणजे तळाचं एरवी वापरात न धरलेलं पाणी, उपसून शहर चाललं.

रुचा_वाकड
ओके, पाण्याचं कळलं. वाकडलाही उन्हाळ्यात टँकरच असतात, त्यामुळे मी घाबरत नाही. सासूबाईंना जिने चढवत नाहीत तेव्हा तळमजला किंवा लिफ्ट हवी. बाकी काही?

मीनल_होटगी_रोड
सासूबाई? मग तुम्ही पाच जण. हिशेब ३३७५ वर गेला. आणि तळमजला घेणार असाल तर हौद तुमच्याच दारात असणार. म्हणजे रात्री मोटर चालू करायचं काम बिल्डिंगभर तुमच्याकडेच येणार, आत्ताच सांगते.

कडक_भाकरी
सासूबाई कुठल्या? घरात ज्वारीची भाकरी चालते का? मंगळवेढ्याची मालदांडी एकदा खाल्ली की पुण्यातल्या पोळ्या विसराल. शेंगाचटणी उखळात कुटलेली घ्या, मिक्सरची नको. हा हुरड्याचा सीझन आहे, आत्ताच एक चक्कर मारा, बाकी प्रश्न आपोआप सुटतील.

मीनल_होटगी_रोड
आत्ता येऊन काहीही कळणार नाही. डिसेंबरात सोलापूर सगळ्यांनाच आवडतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, सिद्धेश्वराच्या तलावाकाठची गर्दी, माणूस खूश होऊन परत जातो आणि गुढीपाडव्याला सामान घेऊन येतो. मग एप्रिल लागतो. ४२-४३ नेहमीचं. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. घरून काम करणाऱ्या माणसाने वरच्या मजल्यावर स्लॅबखाली दिवसभर बसायचं म्हणजे विचार करा.

अनामिक_अभियंता
एसी लावायचा. आजकाल कोण एवढा विचार करतं?

जुना_पार्कवाला
एसी कशाला? हवा कोरडी आहे इथली, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मस्त चालतो. मुंबईत चालणार नाही, इथं चालतो. महावितरणचं बिल ३०० युनिटच्या वर गेलं की दर चढतो, मग तुमचं वाचलेलं भाडं तिकडं जायचं. एकच करा, कूलरलाही पाणी लागतं, ते मीनलताईंच्या हिशेबात धरा.

अनामिक_अभियंता
म्हणजे पाणी नाही म्हणून गाव बदनाम आणि उपाय पाण्याचा. धन्य आहे.

आणि कामासाठी दोन कंपन्यांची फायबर कनेक्शनं घ्या, एक बंद पडलं तर दुसरं. इन्व्हर्टर लागेलच. हा खर्च तुमच्या निम्म्यात नसणार.

रुचा_वाकड
खर्च सगळा धरलाय. कृपया भागाबद्दल बोला. साखर पेठेपासून फार लांब नको एवढंच, कारण सासूबाईंना तिकडे जाऊन-येऊन असेल.

सु_दा_निवृत्त
साखर पेठेत कोण आहे?

रुचा_वाकड
सासऱ्यांचं जुनं घर आहे. चुलत सासरे राहतात. आम्ही तिथे राहणार नाही, तो प्रश्नच नाही.

सु_दा_निवृत्त
तो प्रश्न कसा नाही? हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा, सासऱ्यांचं नाव लागलंय का बघा आणि ते हयात नसतील तर वारसांची नोंद झालीय का तेही बघा. भाड्याचा विचार नंतर करा.

घरकुल_मार्गदर्शक
चुलत सासरे बारा वर्षांहून जास्त राहत असतील तर घर गेलं म्हणून समजा. ताब्याचा कायदा आहे.

सु_दा_निवृत्त
अर्धवट माहिती देऊ नका. घर सामाईक असेल तर एका हिस्सेदाराने नुसतं तिथे राहिल्याने दुसऱ्याचा हिस्सा बुडत नाही. त्याने उघडपणे दुसऱ्याचा हक्क नाकारलेला असावा लागतो, आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं.

घरकुल_मार्गदर्शक
कोर्टात जाण्यात आयुष्य जातं काका. त्यापेक्षा ताई, जुळे सोलापूरच्या पुढे एनए (बिगरशेती) प्लॉट बघा. आता विमानतळ सुरू झालाय, २०२५ च्या जूनपासून गोव्याला विमान जातं. भाव वाढायच्या आत घ्या. मेसेज करा, लोकेशन पाठवतो.

जुना_पार्कवाला
आला बे हा परत. ताई, प्लॉटवाल्यांच्या नादी लागू नका. एनए सांगतात आणि कागद बघितले की गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेली जमीन निघते. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ ला, तेव्हापासून यांचं हेच चाललंय.

रुचा_वाकड
मी घराच्या वाटणीबद्दल विचारलेलं नाही, प्लॉटबद्दलही नाही. चुलत सासऱ्यांशी आमचे संबंध चांगले आहेत आणि ते तसेच ठेवायचेत. भाडं आणि शाळा, बास.

शाळेतली_बाई
मग शाळेचं मी सांगते, कारण इथे सगळे हौदातच बुडालेत.

मुलगा आठवीत म्हणजे एप्रिलपासून नववी. सीबीएसईची बोर्डाची नोंदणी नववीतच होते. दहावीला थेट प्रवेश सहसा देत नाहीत, पालकांच्या बदलीसारखं कारण आणि कागद लागतात. तेव्हा हलायचं तर नववी सुरू होताना हला, नाहीतर सरळ दहावी संपू दे. नववीच्या मध्येच किंवा नववी झाल्यावर हलवणं सगळ्यात वाईट. मुलगी दुसरीत आहे, तिचं कुठेही जमतं, आठवड्यात मैत्रिणी करेल आणि महिन्याभरात 'काय बे' म्हणायला लागेल. त्याला हसायचं, रागवायचं नाही.

आणि एक. डिसेंबरअखेर घर सोडलंत तर मुलांची शाळा मार्चपर्यंत पुण्यात कशी होणार?

रुचा_वाकड
मार्चपर्यंत मुलं आणि सासूबाई माझ्या बहिणीकडे, चिंचवडला. तिला विचारायचंय अजून.

मीनल_होटगी_रोड
अगं, मग घाई कसली? मालकाला सांग, मार्चअखेरपर्यंत राहतो, हे तीन महिने ३८ ने देतो. महिना चार हजार जास्त, तिन्ही महिन्यांचे मिळून बारा हजार होतात. दोनदा सामान हलवायचा खर्च त्याहून जास्त येईल. करार नव्याने अकरा महिन्यांचा केलात तरी महिन्याच्या नोटिशीचं कलम घाला आणि लॉक-इन ठेवू नका.

रुचा_वाकड
तीन महिन्यांसाठी मालक तयार होईल का?

अनामिक_अभियंता
होईल. जानेवारीत वाकडला त्याला नवा भाडेकरू लगेच मिळेल कशावरून? विचारायला काय जातं? तोवर कंपनीचं लेखी पत्रही येईल. (तुम्ही यावर अजून उत्तर दिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.)

रुचा_वाकड
लेखी नाहीये. मॅनेजर चांगला आहे.

अनामिक_अभियंता
चांगला मॅनेजरच आधी नोकरी बदलतो.

जुना_पार्कवाला
अहो, आठवड्यातून दोनदा बोलावलं तरी जमतं. सकाळी हुतात्मा किंवा वंदे भारत धरायची, रात्री परत. अडीचशे किलोमीटर आहे. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं असंच करतात, उरलेली निम्मी तुमच्या वाकडलाच राहतात.

सु_दा_निवृत्त
हुतात्मा एक्सप्रेस हे नाव कशावरून पडलं ते तरुणांना ठाऊक नसतं. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. पुण्याहून गाडीत बसाल तेव्हा आठवण ठेवा.

शाळेतली_बाई
काका, नवीन धागा काढा, मी येते वाचायला. आठवड्यातून दोनदा मात्र जमत नाही. महिन्यातून दोनदा माणूस हौसेने जातो. आठवड्यातून दोनदा झालं की पुण्यात कॉटबेसिसवर खोली घेतो आणि मग घर दोन ठिकाणी चालतं. माझ्या शाळेत अशी वडील नसलेली घरं बरीच आहेत. पत्र घ्याच.

कडक_भाकरी
सासूबाईंना इथलं वाटत असेल ना? त्यांचं काय म्हणणं आहे? अख्ख्या धाग्यात त्यांना कुणी विचारलंच नाही.

रुचा_वाकड
त्यांनीच काढलाय विषय. पुण्यात त्यांच्याशी बोलायला कुणी नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते आम्हालाही माहीत नाही. साखर पेठेतल्या बायका त्यांना रोज फोन करतात, अर्ध्या तेलुगूत.

जुना_पार्कवाला
मग झालं की. अशोक चौक नाहीतर अक्कलकोट रोडला नीलम नगरकडे बघा, पेठ जवळ पडते. जुळे सोलापूर मोकळं आहे, पण त्यांना रोज रिक्षा करावी लागेल. सिटी बसच्या भरवशावर राहू नका.

मीनल_होटगी_रोड
नीलम नगरला पाणी कसं आहे ते आधी विचार.

रुचा_वाकड
मालकाला मेसेज केलाय, मार्चअखेरचं विचारलंय. शनिवारी मी आणि सासूबाई येतोय दोन घरं बघायला. एक अशोक चौकाजवळ, तळमजला, भाडं ११ हजार. तिथला मालक फोनवर म्हणाला, पाण्याचा काहीच त्रास नाही, रोज येतं.

सु_दा_निवृत्त
रोज?

मीनल_होटगी_रोड
बोअरचं म्हणत असेल. मालकाला विचारू नकोस, खालच्या किराणावाल्याला विचार. आणि हौदाचं झाकण उघडून आत बघून ये.