ड्रॅग रेसिंग आता फक्त पैसेवाल्यांचंच राहिलंय का?

नायट्रोवेडा_एडिसन
मंडळी, बरेच दिवस मनात आहे म्हणून विचारतोय. 2009 ला न्यू जर्सीत आलो, त्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या मित्राने इंग्लिशटाऊनच्या रेसवे पार्कला ड्रॅग रेस बघायला नेलं, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांची शर्यत. पिटमध्ये, गाड्या तयार करतात तिथे, टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान क्लासच्या गाडीचं इंजिन सुरू केलं आणि नायट्रोच्या (नायट्रोमिथेन इंधनाच्या) धुराने डोळ्यांतून घळाघळा पाणी, छातीत धडधड, तेव्हापासून मी या खेळाचाच झालो. 2018 च्या जानेवारीत तिथलं ड्रॅग रेसिंग बंद, 2023 ला न्यू जर्सीतलंच ॲटकोचं ट्रॅकपण गेलं. आता नॅशनल रेस बघायची तर पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला, जाऊन-येऊन चार तास. आणि तिथेही नायट्रोच्या क्लासमध्ये कित्येकदा 16 गाड्या भरत नाहीत. पैसा कुठे अडतोय? का नियमच बदलायला हवेत?

शार्लटकर
भाऊ, नायट्रोचा पैसा आधीपासून कोणाच्या तरी मर्जीवरच होता. मुख्य स्पॉन्सर असलेलं सिगारेटवालं विन्स्टन 2001 नंतर गेलं. कतारच्या पैशावर चालणाऱ्या अल-अनाबी टीमने चॅम्पियनशिप जिंकल्या तरी 2015 च्या सुरुवातीला कतारहून पैसे थांबले आणि सगळं ठप्प. जॉन फोर्ससारख्या कित्येकदा चॅम्पियन झालेल्या रेसरच्या हातून 2014 संपता संपता कॅस्ट्रॉल आणि फोर्ड दोन्ही स्पॉन्सर सुटले, मग नवीन पोराला कोण विचारणार? दर रनला काही सेकंदांसाठी 11,000 हॉर्सपॉवर आणि लगेच तासाभरात पूर्ण इंजिन खोलून पिस्टन, बेअरिंग, क्लच प्लेट बदलायच्या, हा खर्च तिकिटातून निघत नाही. माझ्या मते इंजिनची ताकद थोडी कमी करा, पार्ट टिकतील. आणि हो, नायट्रोवाल्यांना पुन्हा पूर्ण क्वार्टर माईल (1320 फूट) पळवा, 1000 फुटात मजा नाही.

बेटाऊनचा_मस्टँगवाला
शार्लटकर, 1000 फुटाबद्दल नाही पटलं. 2008 ला रेसर स्कॉट कॅलिटा अपघातात गेला तो इंग्लिशटाऊनलाच, त्यानंतर हा नियम आला, तो राहूदे. स्पॉन्सरवर सगळे बोलतात पण खरी जखम वेगळीये, ट्रॅकच बंद होत चाललेत. आमचं ह्यूस्टनचं ट्रॅक 2023 ला बंद झालं, डेन्व्हरजवळचं बँडिमेअर त्याच वर्षी, अटलांटाचं 2021 ला. शहर वाढतं, जमिनीला भाव येतो, संपलं.

मी 2004 च्या मस्टँगने ब्रॅकेट रेस पळायचो, त्यात हळू गाडीला आधी सोडतात. पांढऱ्या शू पॉलिशने काचेवर 12.80 लिहायचं, म्हणजे माझी गाडी एवढ्या सेकंदात जाणार असं मीच सांगायचं. समोर 9.50 वाला असला तर माझा हिरवा दिवा 3.30 सेकंद आधी लागतो. सांगितलेल्या वेळेपेक्षा जोरात गेलो तर ब्रेकआऊट, हरलो. एकदा समोरच्याची गाडी माझ्या चौपट किमतीची होती आणि दिव्यावर माझा पाय आधी सुटला म्हणून मी जिंकलो, बायको कुंपणाला धरून ओरडत होती. पैसा नसलेल्यासाठी हा खेळ इथे आहे, आणि नेमकी हीच जागा जातेय. ट्रॅक गेला की पोरं हायवेवर पळवतात, मग कोणाच्या तरी घरी पोलिसांचा फोन येतो.

पुणेरी_टर्बो
दादा, इकडून वाचताना पोटात तुटतं. आम्ही ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर रेस बघितल्यात, पण ती पट्टी विमानांची, रेसपुरती मिळते, नंतर वर्षभर सराव कुठे करायचा? तुमच्याकडे शनिवारी उठून साध्या गाडीने पळता येतं हेच आम्हाला हवंय. जे उरलेत ते ट्रॅक धरून ठेवा राव.

नायट्रोवेडा_एडिसन
मस्टँगवाले, खरं सांगतो, मी इतकी वर्षं फक्त तिकीट काढून बसलो, स्वतः एकदाही लाईनीत उभा राहिलो नाही. आयलंड ड्रॅगवे घरापासून तासाभरावर आहे, माझ्याकडे साधी ॲकॉर्ड आहे. पहिल्यांदा जाताना हेल्मेट आणि टेकसाठी (गाडीच्या तपासणीसाठी) काय तयारी लागते तेवढं लिहा ना, मुलीला पण घेऊन जातो.

बेटाऊनचा_मस्टँगवाला
ॲकॉर्ड मस्त चालेल. डिकी रिकामी कर, बॅटरी घट्ट बांधलेली आहे का बघ, पायात बंद बूट, फुल पँट. हेल्मेटचं ट्रॅकला फोन करून विचार, वेगाप्रमाणे नियम बदलतात. आणि शू पॉलिशची बाटली मुलीच्या हातात दे, आकडा तिलाच लिहू दे.