अवघड डॉक्युमेंटरी फोटो पाहायचे कसे?

पेठेतला वाचक: छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकचं ‘द अमेरिकन्स’ हे अमेरिकेतल्या फोटोंचं पुस्तक हाताशी आहे. ८३ फोटो तासाभरात चाळून होतात, पण हाती काही लागत नाही. क्षितिज तिरकं, ग्रेन (फिल्मचे बारीक ठिपके) भरपूर, कुठे तर चेहराच झाकलेला. एका फोटोला किती वेळ द्यावा? त्या वेळात नेमकं काय करावं?

निगेटिव्ह३५: एका बैठकीत चारच फोटो, प्रत्येकी दहा मिनिटं. पहिली तीन मिनिटं अर्थ लावू नका, दिसतं तेवढंच वहीत उतरवा. ‘दुःखी माणूस’ असं लिहिलंत की पाहणं थांबलंच. ‘कामाचा शर्ट, हात खिडकीबाहेर, नजर कॅमेऱ्याकडे’ असं लिहा.

‘ट्रॉली, न्यू ऑर्लिन्स’ (१९५५) हा ट्रॅमचा फोटो घ्या. पाच खिडक्या. पुढे गोरे, मधे दोन मुलं, मागे कृष्णवर्णीय पुरुष आणि बाई. वर्णभेद लगेच कळतो आणि बहुतेक जण इथेच पान उलटतात. थांबा. पहिल्या खिडकीतला चेहरा काचेवरच्या प्रतिबिंबाने पुसट झालाय. वरच्या तावदानांत रस्ता ओळखू न येण्याइतका विरघळलाय. आता डावा अर्धा भाग कागदाने झाका, मग उजवा. प्रत्येक वेळी फोटो वेगळा होतो.

काळापांढरा: वरचं सगळं मान्य, पण फोटो सुटे पाहिलेत तर निम्मं पुस्तक निसटेल. ट्रॉलीच्या आधीच्या पानावर ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सहलीत टांगलेला भलामोठा, झिरझिरीत अमेरिकन झेंडा आहे. ट्रॉलीनंतर न्यू ऑर्लिन्समधल्याच कॅनाल स्ट्रीटवरची गर्दी. तिन्ही सलग पाहा, मग उलट क्रमाने. १९५८ च्या फ्रेंच आवृत्तीत डाव्या पानांवर लेखकांचे उतारे होते, १९५९ च्या अमेरिकन आवृत्तीत ते गेले. माझ्या मते हे फार बरं झालं: बाजूला मजकूर असला की डोळा आधी तिकडेच धावतो. म्हणून फोटोची ओळसुद्धा (कॅप्शन) शेवटी वाचा.

मॅट_पेपर: पुस्तक नसेल तर निदान मोबाइलवर पाहू नका, चेहरे तांदळाएवढे होतात. प्रिंट काढायची तर फाइल तपासा. १००० पिक्सेल रुंदीची फाइल आडव्या ए-फोरवर इंचाला जेमतेम ८५ पिक्सेल देते. सावल्यांतला तपशील चिखल होतो. ३५०० च्या आसपास हवेत. कागद मॅट, कारण ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते.

पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन असेल तर उद्घाटनाची संध्याकाळ टाळा, दुसऱ्या दिवशी दुपारी जा. आधी भिंतीपासून लांब राहून अख्खी रांग पाहा, मग हातभर अंतरावर या.