मेसमध्ये जातीवरून अपमान : रॅगिंग म्हणून लिहायचं की अ‍ॅट्रॉसिटी? मदत हवी आहे

मी पुण्यात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. माझी रूममेट अनुसूचित जातीची आहे. ऑगस्टपासून काही सीनियर तिला 'कोटावाली' म्हणत. ती म्हणायची, सोड गं. मीही सोडलं, ते आता खातंय.

गेल्या मंगळवारी मेसच्या रांगेत दोघींनी तिचं ताट बाजूला सारलं आणि जातीचं नाव घेऊन "आधी आमचं होऊ दे" म्हणून सुनावलं. पंधरा-वीस जणी उभ्या होत्या. परवा खोलीच्या दारावर खडूने तोच शब्द. मी फोटो काढेपर्यंत तिने अर्धा पुसला होता.

रेक्टर मॅडम म्हणतात, रॅगिंगचा अर्ज द्या, पण त्यात जात आणू नका. माफीनामा घेऊ, मुलींच्या करिअरचा प्रश्न आहे. (हिच्या करिअरचं काय, हे तोंडावर आलं होतं.)

नुसत्या बोलण्यावर अ‍ॅट्रॉसिटी लागते का? तिला घरी कळू द्यायचं नाहीये, तर तक्रार मी देऊ शकते का?

प्रतिसाद :
मी वकिली करते. चारचौघांत जातीवाचक शिवी देणं हा १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हाच आहे, ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा. मात्र त्या दोघी स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या असतील तर हा कायदा लागत नाही, ते आधी बघा. चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना बोललेल्याला हे कलम लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये म्हटलंय, म्हणून दाराआधी मेसचा प्रसंग लिहा. शब्द जसेच्या तसे लिहा, कितीही घाण वाटले तरी. फोटो फोनमधून डिलीट करू नका.

गुन्हा दखलपात्र आहे (म्हणजे कोर्टाच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकतात), त्यामुळे तुम्हीही फिर्याद देऊ शकता. पण तिला विचारूनच. जबाब आणि जातीचा दाखला तिचाच लागणार. ठाण्यात एनसीवर (अदखलपात्र म्हणून नुसती नोंद) बोळवण करू पाहतील. याच कायद्याचं कलम १८अ दाखवा : एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. अडलंच तर १४५६६ हेल्पलाइन आहे.

आणि मॅडमना सांगा, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१६पासून जातीवरून दिलेला त्रास रॅगिंगमध्येच धरलाय. त्या अर्जातही जात येणारच.

मूळ धागाकर्ती :
तिला वाचून दाखवलं. मेसमधले शब्द ती स्वतः लिहून काढतेय. दाखला गावी आहे, तो मागवायला आईला फोन करावाच लागला.